बफरच्या अलीकडे

१

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतात, तो दुपारी बारानंतर माझ्याकडे येतो, आणि मी त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात; माझं भरतं. सकाळ मात्र माझी रिकामी असते, आणि हे सगळं रिकाम्या सकाळीच झालं. असल्या गोष्टींना लोकांना रात्र लागते, कुत्रं रडावं लागतं. माझ्या बाबतीत सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं आणि समोरच्या बाई गॅलरीत सतरंजी झटकत होत्या.

घरात आम्ही तिघं. बायको शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती जिन्यात खाकरली तरी वरच्या मजल्यावरची मुलं चपला नीट लावतात. तिसरे माझे सासरे. त्यांना सगळे मास्तरच म्हणतात, पण शाळेचे नव्हेत, स्टेशनचे. एका एकेरी फाट्यावर, जिथे रूळ संपतात त्या शेवटच्या स्टेशनात, त्यांनी एकवीस वर्षं काढली. तो फाटा पुढे बंद झाला, रूळ उचलले गेले, स्टेशन पाडलं. आता तिथे काय आहे विचारलं तर मास्तर म्हणतात, "गवत. आणि तेही नीट वाढलेलं नाही."

गेल्या वर्षी मास्तरांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की नजर कडेकडेनं आत येत जाईल, मग नळीतून बघितल्यासारखं दिसेल, आणि मग तेही नाही. ऑपरेशननं जेवढी आहे तेवढी टिकली तर टिकली. मास्तर घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझा फाटा एकदा बघायचा राहिला."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरवर आगगाडीचा खेळ खेळतो हे तिला तोवर माझं व्यसन वाटायचं. त्या दिवशी ते घरच्या उपयोगाचं निघालं.

२

त्या खेळात नुसती गाडी चालवता येत नाही, मार्गही बांधता येतो. जमीन उचलायची, दाबायची, रूळ ओढायचे, सिग्नल रोवायचे, झाडं लावायची. मास्तर शेजारी बसून सांगायचे आणि मी बांधायचो. एकेचाळीस किलोमीटर. कुठे चढ, कुठे मोरी, कुठल्या वळणावर ड्रायव्हर शिट्टी मारायचा, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. माझ्याकडे हात होते. कवळी बसवणाऱ्या माणसाला पाव मिलिमीटरचं भान असतं. मास्तरांना ते आवडायचं.

अकरा आठवड्यांत सव्वीस किलोमीटर झाले. एके सकाळी मी एक टेकडी जरा डावीकडे सरकवायला गेलो आणि माऊस घसरला. टेकडीबरोबर सगळी जमीन उचलली गेली. रूळ, पूल, तीन स्टेशनं, सगळं आभाळात.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"डोंगर उचलला गेला."

"कोणी उचलला?"

"मी."

"मग ठेवा खाली."

खाली ठेवायची एक कळ असते. पण माणूस घाबरला की बोटं सवयीची कळ दाबतात, आणि मला सवय होती सेव्ह करायची. मी सेव्ह केलं. म्हणजे झालेला सत्यानाश मी स्वतःच्या हातानं, जुन्याच नावानं, जुन्याच फाइलवर, जपून ठेवला. अकरा आठवड्यांचं काम गेलं. माझी दातखीळ बसली. मास्तरांनी पडद्याला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "जावईबापू, माझ्याकडे किती दिवस आहेत ते तुम्हाला माहीत आहे ना?"

मशीन घेऊन मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे पळालो. त्यांना आमच्या भागात सर्जनबाई म्हणतात, कारण त्या हातमोजे घालून यंत्र उघडतात आणि बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात.

"वाचलं नाही," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "एकाच नावावर परत परत सेव्ह करता?"

"हो."

"एकाच दातावर सगळं जेवण चावता का?"

मी मान खाली घातली. मग त्यांनी मला शिस्त लावली. दर वेळी नवा आकडा घालून नवी प्रत. मोठं काही उचलायचं असेल तर आधी प्रत, मग उचलाउचली. प्रत केली की बंद करून परत उघडून बघायची, कारण न उघडलेली प्रत म्हणजे न बसवलेली कवळी. आज काय केलं ते वहीत लिहायचं. "आणि सगळ्या प्रती एका घरात ठेवू नका," त्या म्हणाल्या. "घर म्हणजे एकच दात."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मी पाणीही फुंकायला लागलो. एक प्रत घरच्या मशीनवर, एक शिवणयंत्राच्या खणात पेनड्राइव्हवर, एक माझ्या लॅबमध्ये, एक सर्जनबाईंकडे आणि एक बायकोच्या शाळेत ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. संध्याकाळी घर सोडून तिन्हीकडे नवी प्रत आपोआप पोचेल अशी तारही सर्जनबाईंनी जुळवून दिली. आता भूकंप झाला असता तरी आमचा फाटा राहिला असता.

३

पुन्हा सुरुवात केली. या वेळी हात बसला होता. नऊ आठवड्यांत एकोणतीस किलोमीटर झाले. छत्तिसावी प्रत केली, उघडून पाहिली, वहीत लिहिलं: "३६. मोरीपर्यंत. सिग्नल बाकी."

दुसऱ्या दिवशी मास्तर पडद्याला नाक लावून बसले होते. ते बघायचे तसंच, वास घेतल्यासारखं. म्हणाले, "बादली छान लावलीत."

"कुठली बादली?"

"गँगमनच्या खोपीबाहेरची. खिळ्याला उलटी टांगलेली."

मी खोपी बांधलीच नव्हती. पण ती होती. मोरीच्या अलीकडे, रुळापासून दहा पावलांवर, पत्र्याच्या छपराची, आणि दाराशेजारी उलटी बादली. मी वही पाहिली. वहीत खोपी नव्हती. यादीत पाहिलं तर सदतिसावी प्रत होती.

"मास्तर, ही बादली तुम्ही मला सांगितली होती का?"

"नसेल सांगितली. एवढ्या बारीक गोष्टी आता मला आठवत नाहीत." मग जरा थांबून, "पण होती."

माणसाची बुद्धी मोठी सोयीची असते. मी स्वतःला समजावलं की काल मी दमलो होतो, झोपेच्या तारेत खोपी बांधली, वहीत लिहायला विसरलो. एकदा एका बाईंच्या कवळीत मी एक दात जास्त बसवला होता. तोही मला आठवत नव्हता. तसंच हे.

चार दिवसांनी मात्र मोरीच्या पुढचे तीन किलोमीटर तयार मिळाले. खडी, कुंपण, उतार, सिग्नल. माझ्यापेक्षा चांगले. मला राग आला तो त्याचाच. मी लावलेली झाडं दातांसारखी सारख्या अंतरावर होती. या तीन किलोमीटरांतली झाडं जशी उगवतात तशी होती.

४

घरात संशय घ्यायला दोनच माणसं. मास्तरांना माऊसचा बाण दिसत नाही; ते तो शोधायला लागले की टेबलावरून पडेपर्यंत शोधतात. राहिली बायको.

"अगं, तू माझ्या मशीनवर काही केलंस का?"

"मी?" तिनं चष्म्यावरून पाहिलं. "मला माझ्या शाळेच्या भिंती रंगवून घ्यायला वेळ नाही, तुमच्या खोट्या भिंती कुठे बांधू?"

मग मी माझ्या धंद्याचं शहाणपण वापरलं. काम संपलं की मशीनची तार काढायची, सुरू करायच्या बटणावर गुलाबी मेणाचा जाड थर द्यायचा आणि तो मऊ असतानाच त्यात एका जुन्या कवळीचा चावा उमटवायचा. सही कुणी मारू शकतं. चाव्याची नक्कल मलाही जमत नाही, आणि या भागात ती जमेल असा दुसरा माणूस नाही.

सकाळी बायको पोळपाट हातात घेऊन खोलीत आली. "अहो, कॉम्प्युटरला कोण चावलं?"

"मीच. म्हणजे मी चाववलं."

ती पोळपाट घेऊन परत गेली. लग्नाला तेवीस वर्षं झाली की काही गोष्टी विचारल्या जात नाहीत.

मी भिंग लावून चावा तपासला. वरचा डावा सुळा किंचित वाकडा, तसाच्या तसा. मेणाला तडा नाही. तार खुंटीला होती तिथेच. मेण खरवडून काढलं, तार लावली, मशीन सुरू केलं.

चाळिसावी प्रत होती. आदल्या दिवशी मी एकोणचाळीसवर थांबलो होतो.

मी सर्जनबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "काम हरवत नाहीये ना?"

"नाही. वाढतंय."

"मग तक्रार काय आहे?"

बाहेर दोन माणसं जळलेले प्रिंटर मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी आपला सांगत होतो की माझं काम माझ्याशिवाय चांगलं होतंय. सर्जनबाईंनी मला ग्लासभर पाणी दिलं.

५

या खेळाच्या एडिटरमध्ये एक सोय आहे. रूळ ओढले की प्रत्येक तुकड्यावर एक बारीक हिरवा बाण राहतो. कुठून कुठे ओढला ते कळावं म्हणून. मी ती सोय कधी वापरली नव्हती. बावन्नावी प्रत दिसली त्या सकाळी वापरली.

माझे बाण जंक्शनकडून शेवटच्या स्टेशनाकडे जात होते. एकामागून एक, शाळेतल्या रांगेसारखे. एकोणतीस किलोमीटर. मोरीपाशी ते संपले, आणि पुढे उलटे बाण सुरू झाले.

म्हणजे ते रूळ पुढून टाकत आणलेले होते. तिकडून इकडे.

मी बाणांच्या विरुद्ध दिशेनं सरकत गेलो. मास्तरांचं शेवटचं स्टेशन आलं: एक फलाट, एक खोली, पाण्याची टाकी. मास्तरांनी सांगितलं होतं की फलाटापुढे दीडशे पावलांवर बफर होता, म्हणजे रूळ संपतात तिथला अडसर, दोन आडवे ओंडके आणि मागे मातीचा ढीग. त्या जागी बफर नव्हता. रूळ सरळ पुढे गेले होते.

समोरच्या बाई सतरंजी झटकत होत्या. त्या आवाजाचा मला फार आधार वाटला.

मी पुढे गेलो. तिथे झाडं नव्हती, जमीन नुसती सपाट, करडी, खेळ सुरू करताना मिळते तशी. रूळ तेवढे होते. आणि मग एक फलाट. पाटीवर नाव नव्हतं. फलाटावर माणसं होती.

या खेळात प्रवासी म्हणून सहाच माणसं मिळतात: छत्रीवाला, पर्सवाली बाई, पेपरवाला वगैरे, तीच सगळीकडे वापरायची. ती मला घरच्यासारखी ओळखीची आहेत. फलाटावरची माणसं त्यांतली नव्हती. चार होती. प्रवासी रुळाकडे तोंड करून उभे असतात. हे चौघं रुळाच्या लांबीच्या दिशेनं बघत होते, म्हणजे इकडे. प्रत्येकाच्या हातात सामान होतं, बांधलेलं.

मी जवळ जाऊन पाहिलं. सवयच ती, तोंड दिसलं की मी आधी दात बघतो. खेळातल्या माणसांना तोंड म्हणून नुसती एक रेघ असते. यांची तोंडं जरा उघडी होती. त्यापुढे मी पाहिलं नाही, त्यामुळे त्यापुढचं सांगू शकत नाही. मी मशीनची तार ओढली आणि ती हातात घेऊन बसून राहिलो.

"काय झालं?" मास्तर दारात उभे होते.

"मास्तर, बफरच्या पलीकडे रूळ आहेत."

ते भिंतीला हात लावत आले आणि खुर्चीत बसले. बराच वेळ गुडघे चोळत होते. मग म्हणाले, "किती जण आहेत?"

माणसांबद्दल मी एक अक्षर बोललो नव्हतो.

"चार."

"अजून थोडे आहेत," मास्तर म्हणाले. "पुसून टाका. छत्तीसनंतरचं सगळं. आणि परत बांधाल तेव्हा आधी बफर बांधा. मग बाकीचं."

"पण मास्तर, ते लोक..."

"जावईबापू, मी तुम्हाला कवळी कशी बसवायची ते कधी शिकवतो का?"

६

घरच्या मशीनवरच्या सोळा प्रती मी तिथल्या तिथे पुसल्या. मग आठवलं.

माणसानं आपलं काम हरवू नये म्हणून इतकी पक्की व्यवस्था करावी, की पुढे हरवू म्हटलं तरी ते हरवू नये! खणातला पेनड्राइव्ह सोपा होता. लॅबमध्ये गेलो, तिथलं पुसलं. सर्जनबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तीन महिन्यांपूर्वी रडत आलात की काम गेलं. आता घालवायला आलात?"

"हो."

"पेशंटनं असं केलं की आम्ही घरच्यांना बोलावतो." पण त्यांनी पुसलं, आणि पुसलं हे दोनदा उघडून दाखवलं.

शाळेत मधली सुट्टी चालू होती. ऑफिसातले लेखनिक मला बघून खूश झाले. "या या! तुमची आगगाडी आम्ही रोज बघतो. डबा खाताना लावून ठेवतो."

"कुठली प्रत बघता?"

"शेवटची. ते शेवटचं स्टेशन काय झकास केलंय! माणसं अगदी जिवंत वाटतात." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आणि दर दिवशी वाढवता तेही बरं आहे. आधी चार होती. काल अकरा होती."

"आज?"

"आज बघितलं नाही. बघायचं का?"

त्यांनी माऊसवर हात ठेवला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दोन प्रौढ माणसं एकमेकांचा हात धरून शाळेच्या ऑफिसात उभी आहेत हे दृश्य नेमकं तेव्हाच आत आलेल्या मुख्याध्यापिकेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाहिलं.

"काय चाललंय?"

"पुसतोय," मी म्हणालो.

"डोळे की फळा?"

मी न बघता, यादीतूनच, सोळाच्या सोळा प्रती पुसल्या. शेवटची जाताना मशीननं जरा वेळ घेतला. लेखनिक म्हणाले, "मोठी दिसते फाइल." मी म्हणालो, "माणसं जास्त असतील." त्यांना तो विनोद वाटला.

७

छत्तिसाव्या प्रतीवर मी आधी बफर बांधला. मोकळ्या करड्या जमिनीत, एकटाच उभा. ओंडके मास्तरांनी सांगितले त्याहून जाड घेतले, मातीचा ढीग दुप्पट केला. मग मागे वळून मोरीपासून रूळ ओढत आणले. सगळे बाण एका दिशेचे. पाच आठवडे लागले. या पाच आठवड्यांत एकही बादली आगाऊ उगवली नाही. खरं सांगायचं तर माझी झाडं पुन्हा दातांसारखी उगवायला लागली, तेव्हा मला बरं वाटलं.

एका रविवारी मास्तर गाडी चालवायला बसले. इंजिनाचा आवाज त्यांना खोटा वाटायचा म्हणून स्पीकरची तार काढून टेबलावर ठेवली होती. जंक्शनपासून निघाले. मी वेग सांभाळत होतो, ते नाक पडद्याला लावून नळीएवढ्या नजरेतून एकेक तुकडा बघत होते. "हा चढ. बरोबर. इथे शिट्टी." ते स्वतःच तोंडानं शिट्टी वाजवायचे. गँगमनची खोपी मी मुद्दाम बांधली नव्हती. तिथून जाताना त्यांनी फक्त मान जरा वळवली. शेवटच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. "टाकी जरा उजवीकडे हवी होती," ते म्हणाले, आणि मी समजलो की फाटा बरोबर झाला.

मी गाडी थांबवून खेळ बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात घंटेचा एक टोला पडला. स्वच्छ, पितळी. मी स्पीकरच्या तारेकडे पाहिलं. ती टेबलावर होती.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले होते.

मास्तर उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. एवढी वर्षं मी त्यांना घरात सदरा आणि पायजम्यात वाकून चालताना पाहिलं होतं. तो माणूस एकदम ताठ झाला. बफरच्या मातीमागे, जिथे मी काहीही ठेवलं नव्हतं, तिथे एक दिवा होता. गाडीचा, समोरून दिसतो तसा. हलत नव्हता.

"लाइन क्लिअर नाही," मास्तर म्हणाले. मोठ्यानं नाही, पण दगडावरची रेघ. "गाडी घेत नाही."

थोडा वेळ गेला. एक टोला. दिवा मावळला.

मास्तरांनी बटण काढलं आणि पुन्हा माझे वाकलेले सासरे झाले. "एकाच रुळावर दोन्हीकडून गाड्या असतात," ते मला समजावू लागले, जणू मला तेवढंच कळलं नव्हतं. "म्हणून आधी विचारायचं, लाइन क्लिअर का? समोरच्यानं हो म्हटलं तरच सोडायची. एक टोला म्हणजे ऐकलं. दोन टोले म्हणजे गाडी निघाली."

"मशीन बंदच ठेवलं तर?"

"फोन न उचलणं म्हणजे नकार नव्हे," मास्तर म्हणाले. "रोज उचलायचा. रोज नाही म्हणायचं. आणि हा बफर जपा. हा आता इथेच आहे, दुसरीकडे कुठेच नाही."

त्या दिवशी मी पाच ठिकाणी नव्हे, नऊ ठिकाणी प्रती ठेवल्या.

८

रोज अकराला मास्तर बसायचे. दहा मिनिटांनी उठायचे. बायको शाळेत असायची, मी शेजारी चहा घेऊन. माणूस कशालाही सरावतो. तिसऱ्या आठवड्यात मी चहात बिस्किट बुडवून ते बघत होतो.

मग मास्तरांच्या ऑपरेशनची तारीख आली. सकाळी आठला त्यांना भरती केलं. आत नेताना त्यांनी माझं मनगट धरलं. "अकरा दहा," ते म्हणाले. नर्सला वाटलं ते वेळ विचारतायत, ती म्हणाली, "आजोबा, आत्ता साडेआठ झालेत."

मी आणि बायको त्यांचे कपडे आणायला घरी आलो. तिनं त्या दिवशी रजा घेतली होती. ती कपाटाशी गेली आणि मी मशीन सुरू केलं. अकरा दहाला टोला पडला.

दिवा दिसला. मी उभा राहिलो, बटण लावलं. घसा खाकरला. पंधरा वर्षं मी डॉक्टरांना फोनवर सांगत आलोय की कवळी आज होणार नाही, आणि ती सांगायची माझी एक पद्धत आहे. तीच तोंडातून आली.

"माफ करा हं," मी म्हणालो. "लाइन क्लिअर नाही. म्हणजे, सध्या तरी."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग एक टोला पडला. मी श्वास सोडला. आणि लगेच दुसरा पडला.

दिवा मोठा होऊ लागला. सावकाश, घाई नसलेल्या गाडीसारखा. मातीच्या ढिगाची कड उजळली. टेबलावरच्या कपातला चहा बारीक थरथरायला लागला. मी "नाही, नाही" म्हणत होतो, पण आवाज असा फुटत होता की मलाच पटत नव्हता. उजेडात ढिगाच्या वर काहीतरी आलं, गाडीच्या डब्याच्या उघड्या दारांत उभ्या माणसांच्या उंचीचं, आणि मी डोळे मिटले.

"कोण आहे ते?"

बायको मागे उभी होती. हातात मास्तरांचा घडी घातलेला सदरा. तिनं मला बाजूला सारलं, पडद्यासमोर उभी राहिली आणि उशिरा येणाऱ्या पोरांना फाटकातून परत पाठवते त्या आवाजात म्हणाली:

"लाइन क्लिअर नाही. गाडी घेत नाही. मास्तर नसले म्हणून काय झालं? मागे घ्या!"

कपातला चहा थांबला. मी डोळे उघडले तेव्हा दिवा लहान होत होता. अगदी टाचणीएवढा झाला. एक टोला. गेला.

खोलीत ऊन तसंच होतं. बायकोनं सदऱ्याची मोडलेली घडी पुन्हा घातली. घडी नीट पडली.

"तुला... तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"स्टेशनच्या क्वार्टरमध्ये वाढले मी," ती म्हणाली. "रोज अकरा दहाला बाबा फोनवर कुणाला तरी नाही म्हणायचे. एकदा मी विचारलं, बाबा, बफरच्या पलीकडे तर काहीच नाही, मग विचारतंय कोण? तर म्हणाले, काही नाही, म्हणूनच नाही म्हणायचं."

"आणि तू पुन्हा कधी विचारलं नाहीस?"

"विचारायचं काय त्यात?" ती घड्याळाकडे बघत होती. "बाबांना दवाखान्यात चार दिवस ठेवणार आहेत. उद्यापासून माझी शाळा आहे."

तिनं सदरा पिशवीत ठेवला, खुर्ची ओढली, समोर बसली आणि मला तिच्यापुढे उभं केलं, शाळेत कविता म्हणायला करतात तसं.

"म्हणा."

"लाइन क्लिअर नाही."

"'सध्या तरी' नको."

"लाइन क्लिअर नाही. गाडी घेत नाही."

"पोटातून," ती म्हणाली. "त्यांना तिकडे ऐकू गेलं पाहिजे."